‘परिणाम नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘मद्यपानाचा स्त्रियांच्या प्रजननक्षमतेवर लक्षणीय परिणाम आढळत नाही.’ संदर्भ दिला होता मिकेलसेन आणि सहकाऱ्यांच्या डॅनिश अभ्यासाचा, जो 2016 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. गाईडनी वाक्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले, ‘किती मद्यपान?’ तेव्हा राग आला. मग तक्ता नीट वाचला, आणि स्वतःचीच लाज वाटली. मी पेपरचा फक्त सारांश वाचला होता, तोही अर्धाच.

अभ्यास चांगला आहे, हे आधीच सांगते. 6120 स्त्रिया, वय 21 ते 45, सगळ्या मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या आणि वंध्यत्वाचे उपचार न घेणाऱ्या. गर्भ राहिल्यावर मागचं आठवून सांगायला लावण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. आठवड्याला 14 पेक्षा कमी ड्रिंक घेणाऱ्यांत, अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत फरक दिसला नाही. इथवर माझी तक्रार नाही.

आता 14 किंवा जास्तचा गट बघा. गर्भ राहण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर 0.82, कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.60 ते 1.12. इंटरव्हलमध्ये 1 आला की आपण लगेच ‘परिणाम नाही’ म्हणून मोकळे होतो. पण हाच इंटरव्हल सांगतो की शक्यता 40 टक्क्यांनी कमी असू शकते किंवा 12 टक्क्यांनी जास्तसुद्धा. एवढा रुंद का? या गटात मासिक पाळीची चक्रं होती फक्त 307 आणि गर्भधारणा 37. न पिणाऱ्यांत 8054 चक्रं आणि 1381 गर्भधारणा. नुसता भागाकार केला तर शंभर चक्रांमागे 12 विरुद्ध 17. इतर घटकांचा हिशेब केल्यावर हे अंतर कमी होतं, पण पुसलं जात नाही.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. या स्त्रियांचं मध्यक सेवन आठवड्याला 2 ड्रिंक होतं. दारूमुळे जिची पाळीच अनियमित झाली आहे, ती अशा अभ्यासात नाव नोंदवेल का? शिवाय इथे मोजलं काय, तर गर्भ राहिला की नाही. हार्मोन मोजलेच नाहीत.

हार्मोनची गोष्ट दुसऱ्याच पेपरांत सापडते. अति मद्यपानात हायपोथॅलॅमसकडून येणारे संकेत बिघडतात, एलएच गडबडतं, काही चक्रांत बीज बाहेरच पडत नाही, प्रोलॅक्टिन वाढू शकतं. यकृतात अल्कोहोलचं विघटन होताना एनएडीएच साठतं, त्यामुळे इस्ट्राडिओलचं इस्ट्रोन होणं मंदावतं. पण अति पिणाऱ्या स्त्रियांवरचे बरेच अभ्यास छोटे, दवाखान्यात दाखल झालेल्यांवर केलेले. त्यांच्यात यकृताचे आजार, कुपोषण, धूम्रपान सगळंच मिसळलेलं. म्हणजे एका टोकाला जेमतेम पिणाऱ्या हजारो, दुसऱ्या टोकाला मोजक्या रुग्ण, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी. (विषय शोधताय? इथे आहे.)

त्याच डॅनिश लेखकांनी प्रयत्नांच्या काळात, गर्भ नाही याची खात्री होईपर्यंत दारू टाळणं शहाणपणाचं, असंही लिहिलंय. मी तेही गाळलं होतं.

माझ्या थिसिसमध्ये आता त्या एका वाक्याच्या जागी चार वाक्यं आहेत. गाईडनी परवा एकाभोवती पुन्हा गोल काढलाय.