द. वि. पलुस्करांची भजने : ध्वनिमुद्रिका आणि वारसा

दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे नाव निघताच सामान्य श्रोत्याला प्रथम आठवतात ती त्यांची भजने, ख्याल नंतर. या लोकप्रियतेमुळे ख्यालगायक पलुस्कर झाकोळले गेले, असा आक्षेप संभवतो. तो तपासण्यासाठी भजनांमागील कुलपरंपरा व ध्वनिमुद्रिकेचे माध्यम, या दोहोंचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

पं. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. संगीताला दरबाराबाहेर काढून गृहस्थाच्या घरी प्रतिष्ठा मिळवून देणे, हे त्यांचे जीवितकार्य होते. शृंगारप्रधान चिजांऐवजी संतांची पदे रागतालात बांधून गाणे, हे त्याचे प्रमुख साधन. उत्तरायुष्यात नाशिकच्या पंचवटीत रामनाम-आधाराश्रम हेच त्यांचे केंद्र झाले. दत्तात्रेय यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ सालचा. १९३१ मध्ये पितृछत्र हरपले तेव्हा त्यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते. पुढील विद्या त्यांना विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या पित्याच्याच शिष्यांकडून मिळाली. म्हणजे वारसा रक्ताचा असला, तरी तो हाती आला शिष्यपरंपरेच्या मार्गाने.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. एवढ्या अवधीत विलंबित ख्यालाची बढत अशक्यच; ख्यालाचा सारांश तेवढा देता येतो. पद मात्र या मर्यादेत पूर्णत्वाने मावते. तुलसीदासांच्या बालरामाच्या पदात पलुस्कर शब्दांतील पावलांची चाल लयीतून जिवंत करतात. तान येते ती अल्प, आणि अर्थाला धक्का न लावता. मीरेच्या नावे रूढ असलेल्या पदातही भावविवशतेपेक्षा स्वराची स्वच्छता अधिक जाणवते. स्पष्ट शब्दोच्चार, मोकळा आकार आणि तारसप्तकातील निर्मळ स्वरलगाव, हे गुण त्यांच्या ख्यालाचेच आहेत. येथे भजन ख्यालाला उणे करीत नाही. ख्यालाची शिस्त ते निराळ्या प्रमाणात वापरते.

तथापि या यशाची किंमतही नोंदविली पाहिजे. विष्णु दिगंबरांचे भजन हा सामुदायिक संस्कार होता. श्रोत्यांनी त्यात सूर मिसळावा, ही अपेक्षा असे. तबकडीने तेच भजन घरोघर नेले, परंतु गाणाऱ्या समुदायाचे रूपांतर ऐकणाऱ्या कुटुंबात केले. पित्याचा हेतू पुत्राच्या आवाजाने सफल झाला, पण त्याचे स्वरूप पालटून.

१९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत त्यांनी गायिलेल्या जुगलबंदीनेही हा श्रोतृवर्ग विस्तारला. ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. ख्यालगायकाचा प्रगल्भ काळ बहुधा याच वयात सुरू होतो. त्यामुळे त्यांच्या ख्यालाचे मूल्यमापन करताना अपूर्णतेची जाणीव टळत नाही. भजनांना मात्र ही सबब लागत नाही; ती आपल्या मर्यादेत पूर्ण आहेत. म्हणून ती ख्यालाचे लोकप्रिय पर्यायरूप न समजता, एका कुलाच्या सांगीतिक विचाराची स्वतंत्र परिणती म्हणून अभ्यासिली जाणे उचित होय.