राखेच्या गावातले दोन कॅमेरे

शिकाऊ माणसासाठी बनवलेला कॅमेरा नीट वाचायचा असेल, तर त्यातून काय काढून टाकलंय ते आधी पाहावं. महागड्या कॅमेऱ्यात कंपनीला फारशी निवड करावी लागत नाही, सगळंच घालता येतं. स्वस्त कॅमेऱ्यात प्रत्येक सोयीपाशी थांबून ठरवावं लागतं की नवख्या माणसाचं याच्यावाचून अडेल का. त्या ठरवण्यातून कंपनीच्या मनात नवखा माणूस कसा आहे ते कळतं. निकॉन डी३१०० आणि कॅनन ११००डी हे दोन कॅमेरे मला याचसाठी अजून जवळचे वाटतात. पहिला ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला, दुसरा फेब्रुवारी २०११ मध्ये. दोघंही कधीच बाजारातून गेले, पण सेकंडहँड बॉडी किट लेन्ससकट हातोहात फिरत असतात. कॉलेजात जाणारा पोरगा पहिला कॅमेरा म्हणून विचारतो तो बहुधा यांच्यापैकीच एक.

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या महामार्गालगतचं दीपनगर म्हणजे औष्णिक वीज केंद्र आणि त्याची वसाहत. इथल्या चार गोष्टी कॅमेऱ्याची परीक्षा घेतात: कोळशाची राख, मे महिन्यातला पंचेचाळिशी ओलांडणारा पारा, रात्री दिव्यांनी उजळलेलं वीज केंद्र, आणि हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर उतरणारे पक्षी. कागदावरची तुलना कुठल्याही शहरात बसून करता येते. या दोन कॅमेऱ्यांमधला खरा फरक मात्र अशा गावात उघडा पडतो.

आधी हातात घेऊन पाहू. निकॉनच्या मुठीला रबर आहे, बॉडी भरीव लागते. कॅननची बॉडी नुसत्या प्लास्टिकची, मुठीवरही रबर नाही. घामेजलेल्या हातात ती निसटेल असं वाटत राहतं. डोळा लावला की दोघंही सारखेच: आरशांचा व्ह्यूफाइंडर, ०.८ पट मोठेपणा, आणि चौकटीतलं ९५ टक्केच दृश्य दिसणार. म्हणजे कडेला आलेली विजेची तार टिपताना दिसत नाही, फोटोत दिसते. दोघांनाही एकच फिरती चकती. निकॉनने ती अंगठ्याखाली दिली, कॅननने तर्जनीखाली. मॅन्युअल मोडमध्ये शटर चकतीने बदलायचं आणि अ‍ॅपर्चरसाठी एक बटण दाबून धरत तीच चकती फिरवायची, ही कसरत दोघांकडेही आहे. आयएसओच्या बाबतीत कॅनन सरळ वागतो. मागच्या चार बाणांपैकी वरच्या बाणावरच ‘आयएसओ’ लिहिलेलं आहे. निकॉनमध्ये तसं नाव लिहिलेलं बटण नाही, ते काम डाव्या अंगाच्या ‘एफएन’ बटणाकडून करून घ्यावं लागतं. पडद्यांत निवडण्यासारखं काही नाही. निकॉनचा ३ इंची, कॅननचा २.७ इंची, आणि दोन्ही इतके जाडेभरडे की फोकस बसला की नाही ते घरी संगणकावर पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता राख. इथे जरा सावकाश जायला हवं, कारण दीपनगरच्या माणसाने कॅमेरा निवडायचा तो मुख्यतः या एका गोष्टीवरून.

कोळसा जळून उरणारी उडती राख म्हणजे बहुतांशी काचेसारख्या सिलिकेटचे बारीक गोल कण. त्यांचा आकार साधारण एका मायक्रॉनच्या आतपासून शंभर मायक्रॉनपर्यंत असतो. डी३१०० च्या सेन्सरवर २३.१ मिलिमीटर रुंदीत ४६०८ पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल ५ मायक्रॉनचा. ११००डी मध्ये २२.२ मिलिमीटरमध्ये ४२७२, म्हणजे ५.२ मायक्रॉन. राखेचा मध्यम कण एका पिक्सेलपेक्षा चांगलाच मोठा भरतो. लेन्स बदलताना असा कण आत गेला की तो थेट सेन्सरवर बसत नाही, त्याच्यापुढच्या काचेच्या फिल्टरवर बसतो आणि तिथून सेन्सरवर सावली टाकतो. अ‍ॅपर्चर मोठं उघडं असेल तर प्रकाश चहूबाजूंनी येऊन ती सावली पुसून टाकतो. एफ/११, एफ/१६ वर प्रकाशाची वाट अरुंद होते आणि सावली ठसठशीत उमटते. म्हणूनच लग्नाच्या हॉलमधल्या फोटोंत जे डाग कधी दिसले नाहीत, ते तापीवरच्या मोकळ्या आभाळाचा फोटो काढला की काळ्या ठिपक्यांसारखे वर येतात.

निकॉनने या धुळीचा विचार केला होता. कॅमेरा सुरू-बंद करताना डी३१०० चा फिल्टर सूक्ष्म कंपनांनी थरथरतो आणि सुटे कण खाली झडतात. कॅननने २००८ च्या १०००डी मध्ये हीच सोय दिली होती आणि ११००डी मध्ये ती काढून घेतली. हे मला या सगळ्या तुलनेत सर्वांत खटकतं. पुढची आवृत्ती काढताना मागच्यातली कामाची गोष्ट कमी करायची, आणि तीही अशी की गिऱ्हाइकाला दुकानात दिसणारच नाही! ११००डी मध्ये त्याऐवजी आहे ती डागांच्या जागा नोंदवून घेणारी सोय. त्या नोंदीवरून कंपनीचं सॉफ्टवेअर नंतर डाग पुसतं. सेन्सरपुढचा कण जागेवरच राहतो. अर्थात निकॉनची थरथरही सर्वशक्तिमान नाही, दमट हवेत चिकटलेला कण तिला दाद देत नाही. पण कोरडी राख उन्हाळ्यात सुटीच असते, आणि तिथे ती कामाला येते.

राख कठीण असते हे मात्र दोन्ही कॅमेऱ्यांच्या मालकांनी लक्षात ठेवावं. लेन्सवर किंवा सेन्सरच्या फिल्टरवर बसलेली राख रुमालाने पुसणं म्हणजे काचेवर काचेचा चुरा घासणं. आधी रबरी ब्लोअरने उडवायची. तोंडाने फुंकर मारायची नाही, तिच्यात थुंकीचे तुषार असतात. वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावाकडून वारा येत असेल तर लेन्स बदलायचं कामच पुढे ढकलावं.

उष्णतेबद्दल दोन्ही कंपन्या एकच सांगतात: ० ते ४० अंश. भुसावळचा मे महिना या मर्यादेच्या बाहेर पडतो. कॅमेरा लगेच बंद पडत नाही, मी भर उन्हात दोन्ही वापरलेत. परिणाम दिसतो तो रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात वीज पाझरते आणि तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की हे पाझरणं सुमारे दुप्पट होतं. मग काळ्या आभाळात लाल-निळे ठिपके चमकतात, आणि बघणाऱ्याला ते तारे वाटतात. दिवसभर मोटरसायकलच्या डिकीत तापलेला कॅमेरा संध्याकाळी थेट ट्रायपॉडवर चढवू नये, एवढं पथ्य पुरतं.

रात्रीचं वीज केंद्र हा दीपनगरचा सर्वांत देखणा विषय. ५०० मेगावॅटच्या दोन संचांचा पसारा, चिमण्यांवरचे लाल दिवे, कूलिंग टॉवरवर उठणारी आणि खालच्या दिव्यांनी पिवळी झालेली वाफ. फाटकाच्या आत कॅमेरा न्यायचा तर परवानगी हवी, पण लांबून रस्त्यावरूनही हे दृश्य पोटभर मिळतं. इथे या दोन कॅमेऱ्यांचे स्वभाव वेगळे होतात. चौकटीचा मोठा भाग काळा असल्याने कॅमेऱ्याचा मीटर फसतो, फोटो नको तेवढा उजळ करतो आणि दिवे पांढरे फटक पडतात. निकॉनमध्ये स्पॉट मीटरिंग आहे. निवडलेल्या फोकस बिंदूभोवतीचा चौकटीचा सुमारे २.५ टक्के भाग तेवढा मोजायचा. तो ठिपका वाफेवर ठेवला की वाफेचा पोत हाती लागतो. कॅननने ११००डी ला स्पॉट दिलाच नाही. त्याचं सर्वांत लहान माप चौकटीच्या मधल्या १० टक्क्यांचं, आणि एवढ्या वर्तुळात दिवा, वाफ, अंधार सगळंच शिरतं.

पण कॅननकडे ब्रॅकेटिंग आहे. एकाच दृश्याचे तीन फोटो: एक मीटरप्रमाणे, एक काळसर, एक उजळ. निकॉनने डी३१०० मध्ये हे दिलंच नाही. या दोन वगळण्यांपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. निकॉन नवख्याला म्हणतो, नेमकं मोज आणि एकदाच काढ. कॅनन म्हणतो, मोजमाप चुकू दे, तीन काढ आणि घरी जाऊन निवड. दोन्ही शिकवण्या खऱ्या आहेत. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवाच्या देवळात, आत दगडी काळोख आणि दाराबाहेर रखरखीत ऊन असताना, कॅननची शिकवण उपयोगी पडते. वाफेसारख्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या विषयापुढे निकॉनची. शिकण्यासाठी मात्र मला मोजायला लावणारा कॅमेरा अधिक आवडतो, कारण प्रकाश कुठे किती आहे हा प्रश्न तो शटर दाबायच्या आधी विचारायला लावतो.

निकॉनचा मोठा दोष दुसरीकडे आहे. डी३१०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. निकॉनचा माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्स बसतात पुष्कळ, पण ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही तिचा फोकस हातानेच फिरवावा लागतो. जुनी स्वस्त ५० एमएम एफ/१.८डी इथे ऑटोफोकस करत नाही. मोटर असलेली ३५ एमएम एफ/१.८जी चांगली, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलला तेव्हाच मोटर लेन्समध्ये घातली. त्यामुळे तेव्हापासूनची प्रत्येक ईएफ लेन्स ११००डी वर ऑटोफोकस करते. १९९० पासूनची ती प्लास्टिकची ५० एमएम एफ/१.८ टू, वजन अवघं १३० ग्रॅम, या बॉडीवर ८० एमएमसारखी वागते, आणि हळदीच्या मांडवात नवरीचा चेहरा मागच्या गर्दीतून अलगद वेगळा काढते. त्वचेचा रंगही कॅनन ऊबदार देतो. माणसांचे फोटो काढणाऱ्याने ११००डी घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

घरातल्या घरात काम करणाऱ्यालाही नाही. आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं स्वतःच्या बंगल्याच्या भिंतींआड काढली आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून डोंगर, बर्फ, वाटा उभ्या केल्या. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं आणि त्यांचं घर संग्रहालय म्हणून पाहायला मिळतं. दीपनगरच्या वाचकाने ते जरूर पाहावं. बंद खोलीत, ट्रायपॉडवर, एकाच लेन्सने काम चालत असेल तर ११००डी च्या बहुतेक उणिवा आड येत नाहीत.

पक्ष्यांचं मात्र तसं नाही. हतनूरला ४१ दरवाजांच्या धरणामागे पसरलेल्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक आणि तलवार बदकं येतात. तिथे हमखास कानावर येतं की कॅननचा सेन्सर लहान, त्याचा गुणक १.६ आणि निकॉनचा १.५, म्हणून कॅनन पक्षी जास्त जवळ आणतो. हिशेब करून पाहा. दोघांवर सारख्याच लांबीची लेन्स लावली आणि चक्रवाकाची प्रतिमा सेन्सरवर २ मिलिमीटर आली, तर निकॉनमध्ये तिच्या वाट्याला सुमारे ३९९ पिक्सेल येतात आणि कॅननमध्ये ३८५. कॅनन चौकट कापून देतो एवढंच, पक्ष्याचा तपशील वाढत नाही. वेगही दोघांचा सेकंदाला तीनच फोटो, रॉमध्ये कॅनन दोनवर उतरतो. त्यात पाणथळीवर लेन्स बदलायची वेळ येतेच, म्हणजे पुन्हा धूळ. कॅननच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्याची बॅटरी जास्त टिकते: कंपन्यांच्याच मोजणीनुसार एका चार्जवर सुमारे ७०० फोटो, निकॉनचे ५५०.

व्हिडिओत निकॉन १०८०, कॅनन ७२०. आज दोघांनाही खिशातला फोन मागे टाकतो, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. निकॉनच्या ‘गाइड’ मोडचं मात्र कौतुक करायला हवं. मुख्य चकतीवरच ती जागा आहे. पार्श्वभूमी मऊ हवी असं सांगितलं की कॅमेरा अ‍ॅपर्चर दाखवून बदलायला लावतो, आणि शिकणाऱ्याला कारण व परिणाम एकाच वेळी दिसतात. कॅननच्या सोप्या मोडमध्ये फोटो ‘ऊबदार’ किंवा ‘सौम्य’ करता येतो, पण तो कशामुळे तसा झाला ते गुलदस्त्यातच राहतं.

माझा कौल असा: बाहेर, उघड्यावर, लेन्स बदलत फोटो काढायचे असतील तर दीपनगरात डी३१०० घ्या. माणसं आणि घरातल्या वस्तू हाच विषय असेल तर ५० एमएमसह ११००डी घ्या, आणि ती लेन्स शक्यतो काढूच नका. किट लेन्सवर कॅननला ‘आयएस’ आणि निकॉनला ‘व्हीआर’ (हाताची थरथर सावरणारी सोय) लिहिलेलं आहे ना ते पाहा, कारण ११००डी बरोबर आयएस नसलेली १८-५५ सुद्धा विकली गेली आहे. पैसे देण्यापूर्वी एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, संगणकावर मोठा करून ठिपके पाहा, आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना याची खात्री करा.