‘भांडवल’ आणि आपले गैरसमज

आपल्याकडे मार्क्सचा विषय निघाला की उदाहरण ठरलेले असते: हिंगोली-वसमतच्या बाजारात हळद विकायला नेली, आडत्याने काटा मारला; हेच शोषण. काटा मारणे ही लबाडी आहे आणि तिच्याशी झगडलेच पाहिजे. पण मार्क्सचा सिद्धान्त तिच्यावर उभा नाही. १८६७ च्या पहिल्या खंडात तो मुद्दाम असे धरून चालतो की प्रत्येक वस्तू पुऱ्या मोलाने विकली जाते, मजुराची श्रमशक्तीसुद्धा. तरीही वरकड मूल्य उरते, कारण मजुरीइतके मूल्य निर्माण झाल्यावर मजुराचे काम थांबत नाही. पुढच्या तासांचे मूल्य मालकाचे. त्यासाठी मालक लबाड असावा लागत नाही, सज्जन मालकही चालतो.

श्रम हाच सर्व संपत्तीचा उगम, हेही त्याच्या नावावर खपवले जाते. १८७५ साली गोथा कार्यक्रमातले हे वाक्य त्यानेच खोडले. निसर्गही उगम आहे, असे बजावले. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो मजुरीवाढीसाठी नव्हे, जमिनीसाठी.

तिसरा गैरसमज आमच्या डाव्या मित्रांचा. मार्क्सचा मजूर ‘मोकळा’ आहे: साधनांवाचून मोकळा आणि श्रमशक्ती कुणालाही विकायला मोकळा. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मुकादमाच्या वहीत मिळून एकच ‘कोयता’ असतात. उचल फिटेपर्यंत ते कुणाला काय विकायला मोकळे? वेठबिगारीबंदीचा कायदा तर १९७६ सालचा आहे.

रेल्वेमागोमाग येणारा उद्योग जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील, असे मार्क्सने १८५३ साली लिहिले होते. उद्योग आला, विटाळही त्याच्याबरोबर गिरणीत शिरला. मुंबईत जादा मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. ही बंदी पाळणारे मालकच नव्हते, सवर्ण कामगारही होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३६ साली त्यांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले, त्यामागे हा अनुभव होता.

म्हणून हा ग्रंथ बामणी कॉम्रेडांचा म्हणून फेकून देणारे आमच्यातले काही जण मला पटत नाहीत. वरकड मूल्याचा हिशेब बरोबर आहे. पण विणकर आणि त्या खात्याबाहेर ठेवलेला महार गिरणीकामगार यांच्या पगारातला फरक त्या हिशेबात कुठे मांडायचा, याचे उत्तर ‘भांडवल’चे आपले भाष्यकार अजून देत नाहीत.