धनवानाचे दुःख : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांचा एक प्रश्न

बायबलमधील कोणते वचन अक्षरशः घ्यावयाचे आणि कोणते आलंकारिक मानावयाचे, याची चर्चा बहुधा उत्पत्तीच्या कथेभोवती घुटमळते. तेथे उत्तर त्यामानाने सोपे असते. सूर्याच्या निर्मितीपूर्वी दिवस कसे झाले, असे ऑरिजेनने तिसऱ्या शतकातच विचारले होते; शब्दशः अर्थ अशक्य ठरतो तेथे आतला अर्थ शोधावा, ही त्याची भूमिका. मम्मटाने लक्षणेसाठी घातलेली मुख्यार्थबाधाची अट येथे सहज आठवते. कसोटी लागते ती वाच्यार्थ शक्य असूनही गैरसोयीचा असतो तेथे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील प्रसंग याच जातीचा आहे. सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारणाऱ्या एका माणसाला येशू, जवळचे सर्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो; त्याची मालमत्ता मोठी असते.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने या प्रसंगावर एक स्वतंत्र प्रवचन रचले. त्याच्या मते टाकावयाचे ते धन नव्हे, तर धनाविषयीची आसक्ती, मनातील विकार. ही श्रीमंत श्रोत्यांसाठी काढलेली पळवाट आहे, असे म्हणून क्लेमेंटला निकालात काढता येत नाही. सर्वांनीच सर्वस्व टाकले तर भुकेल्याला अन्न कोण देणार, असा त्याचा प्रश्न आहे; म्हणजे एक आज्ञा अक्षरशः पाळल्यास दुसरी पाळणे अशक्य होते. निर्धन शिष्य येशूचे बोलणे ऐकून का धास्तावले, हेही तो विचारतो. येथे मुख्यार्थबाध नाही. तात्पर्याची अनुपपत्ती आहे. कावळ्यांपासून दही राखण्यास सांगितलेला माणूस कुत्र्यालाही हाकलतो. शब्दांच्या अन्वयात काही अडत नसताना तात्पर्यासाठी लक्षणा मानावी लागते, हे त्यावरून शास्त्रकारांनी दाखविले आहे. प्रेमभाव आणि सदाचार यांच्याशी वाच्यार्थ जुळत नसेल तर वचन आलंकारिक समजावे, हा ऑगस्टीनचा पुढील काळातील नियमही तात्पर्यावरच उभा आहे.

त्याच मिसर देशात, सुमारे २७० साली, अँटनी नावाच्या तरुणाने मत्तयकृत शुभवर्तमानातील हेच वचन चर्चमध्ये वाचले जाताना ऐकले. अथेनेशियसने लिहिलेल्या चरित्रानुसार त्याने वडिलोपार्जित सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला आणि बहिणीपुरते थोडे मागे ठेवले. त्याच्या दृष्टीने वचनात कोठेच बाध नव्हता.

या दोन वाचनांत संहिता कोणाच्या बाजूने आहे? कथेतील श्रोत्याकडे पाहिले तर उत्तर स्पष्ट होते. धन म्हणजे केवळ विकार असते, तर मोठ्या मालमत्तेचा उल्लेख निरर्थक ठरता आणि त्या माणसाच्या खिन्नतेला आधार उरला नसता. आपण सर्व सोडून मागे आलो, असे पेत्र लगेच म्हणतो. त्याने मागे ठेवली ती खरोखरीची जाळी होती. निवेदनाची सगळी वीण वाच्यार्थावर बेतलेली आहे.

मग क्लेमेंटच्या प्रश्नाचे काय? त्याचे उत्तर लूककृत शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात मिळते. जक्कय हा जकातदार आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे बोलतो, आणि येशू त्याच्या घराला तारणप्राप्ती झाल्याचे सांगतो; उरलेले अर्धे मागत नाही. म्हणजे पहिल्या माणसाला केलेली आज्ञा अक्षरशः खरी असूनही ती प्रत्येकासाठी घालून दिलेला सरसकट नियम ठरत नाही.

येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात : वचनाचा अर्थ काय, आणि ते कोणाला उद्देशून आहे. क्लेमेंटची अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. तिचे निरसन त्याने पहिल्या प्रश्नात, अर्थ पालटून केले. परिणामी आज्ञा सर्वांना लागू झाली, पण कोणालाच काही विकावे लागेना. ऑगस्टीनच्या नियमातील धोकाही हाच आहे. तात्पर्य वाचकाने आधीच ठरविलेले असेल, तर त्याला अस्वस्थ करणारे प्रत्येक वचन रूपक ठरू शकते. म्हणून लक्षणा मानणाऱ्याने बाध संहितेत दाखवून दिला पाहिजे. स्वतःच्या अडचणीला बाध म्हणणे पुरेसे नाही. तो माणूस खिन्न होऊन गेला खरा, पण आपल्याला काय सांगितले गेले याविषयी त्याच्या मनात संशय नव्हता.