तीव्रता नेमकी कशाची?

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात काही शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. त्यातल्या एका बाईंनी वर्गातला एक प्रश्न सांगितला. सातवीतल्या मुलीने विचारले होते, "बाई, जपानात सात तीव्रतेचा भूकंप होतो आणि तरी माणसे वाचतात. आपल्याकडे तर साडेसहासुद्धा नव्हती. मग आपले गाव कसे पडले? त्यांचे रिश्टर स्केल वेगळे असते का?" बाईंनी वेळ मारून नेली, पण आपलेच उत्तर आपल्याला पटले नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मला वाटते, त्या मुलीची शंका अगदी रास्त होती. घोटाळा तिच्या डोक्यात नसून आपण तिच्या हाती दिलेल्या 'तीव्रता' या शब्दात आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यानंतर आजपर्यंत एक वाक्य आपण शेकडो वेळा वाचले आहे: 'या भूकंपाची तीव्रता रिश्टर स्केलवर ६.४ होती.' हे वाक्य वर्तमानपत्रांत येते, प्रश्नपत्रिकांत येते, आणि आपणही फळ्यावर लिहितो. इंग्रजीत मात्र या जागी दोन वेगळे शब्द आहेत, मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी. मराठीत आपण दोन्हींना 'तीव्रता' म्हणून मोकळे होतो.

यातला मॅग्निट्यूड हा शब्द बराच फिरून आलेला आहे. मूळ लॅटिन, अर्थ मोठेपणा किंवा आकार. त्यातला 'मॅग्नस' आणि आपला संस्कृत 'महत्' हे एकाच कुळातले. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या तारकासूचीत ताऱ्यांचे सहा वर्ग केले. सर्वांत ठळक तारे पहिल्या वर्गातले, जेमतेम दिसणारे सहाव्या. ठळक तारा डोळ्याला मोठा भासतो म्हणून या वर्गांना 'आकार' हेच नाव पडले आणि इंग्रजीत ते मॅग्निट्यूड झाले. पुढे दुर्बिणीतून पाहिल्यावर कळले, की ताऱ्याचा दिसणारा आकार असा काही नसतोच. पण शब्द टिकला, त्याचा अर्थ 'तेजस्विता' असा सरकला. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन याने त्याला गणिती शिस्त लावली: पाच वर्गांचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक. हाच पॉगसन १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेत होता आणि १८९१ मध्ये तिथेच वारला. मराठी खगोलशास्त्राने या मॅग्निट्यूडला 'प्रत' असा नेटका शब्द दिला आणि तो रुळलाही.

आकाशातून हा शब्द जमिनीत आणला चार्ल्स रिश्टर याने. कॅलिफोर्नियातल्या भूकंपांना लहानमोठे ठरवण्यासाठी त्याला एक आकडा हवा होता. तरुणपणी त्याला आकाशनिरीक्षणाचा नाद होता, आणि ताऱ्यांसाठीचा शब्द त्याने भूकंपांना लावला. १९३५ मध्ये त्याने मांडलेली पद्धत थोडक्यात अशी: एका ठरावीक प्रकारचे भूकंपमापक यंत्र भूकंपापासून १०० किलोमीटरवर आहे असे धरायचे. त्याच्या कागदावर लहर एक सहस्रांश मिलिमीटर उमटली तर शून्य, एक मिलिमीटर उमटली तर तीन. म्हणजे दर पायरीला लहर दहा पट, आणि मुक्त होणारी ऊर्जा साधारण बत्तीस पट. ताऱ्यांच्या बाबतीत आकडा वाढला की तेज कमी, इथे आकडा वाढला की भूकंप मोठा. शब्द उसना घेताना दिशा उलटली, एवढे मुलांना जरूर सांगावे.

म्हणजे 'रिश्टर स्केल' ही कुठे टांगलेली वस्तू नव्हे. आपल्या शाळांत फूटपट्टीला स्केल म्हणतात, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर पट्टी उभी राहते, आणि '३.६ रिश्टर स्केलचा भूकंप' अशी बातमी वाचली की रिश्टर हे किलोसारखे एकक वाटते. तो आहे निव्वळ गणिती हिशेब. शिवाय रिश्टरचा मूळ हिशेब कॅलिफोर्नियापुरता होता आणि फार मोठ्या भूकंपांना तो अपुरा पडे. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी भूकंपाच्या आघूर्णावर आधारलेले माप मांडले. किल्लारीच्या भूकंपासाठी ६.२ आणि ६.४ असे दोन्ही आकडे वाचायला मिळतात, ते मोजण्याच्या रीती वेगळ्या म्हणून. पहिला या आघूर्णाच्या मापाचा, दुसरा पृष्ठलहरींवरून काढलेला.

आता इंटेन्सिटी. या शब्दाचा अर्थ अमुक एका ठिकाणी हादरा किती जाणवला, काय पडले, काय तडकले. मर्काली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी सुधारित श्रेणी बारा अंशांची आहे. टांगलेला दिवा हलला, झोपलेला जागा झाला, भिंतीला भेग गेली, कच्ची घरे कोसळली, अशा खुणांवरून अंश ठरवायचा. भूकंपाचे मॅग्निट्यूड एकच असते, इंटेन्सिटी गावागणिक वेगळी. त्या पहाटे सास्तूरला घर उरले नाही, तर हैदराबादला लोकांना नुसता हादरा जाणवला.

विहिरीवरच्या पंपाची अश्वशक्ती किती, हा एक आकडा असतो. शेताच्या टोकाच्या सरीत पाणी किती पोचले ते अंतरावर, जमिनीवर आणि पाट कुठे फुटला आहे त्यावर ठरते. दोन्हींना 'पाणी पाच' म्हणणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. जपानात भूकंपाच्या बातमीत मॅग्निट्यूड एक आणि गावोगावचा 'शिंदो' वेगळा, असे दोन्ही सांगतात. शिंदो म्हणजे त्या त्या ठिकाणची इंटेन्सिटी.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला जो भूकंप झाला त्याचे मॅग्निट्यूड किल्लारीच्या जवळपासच होते, आणि वेळही पहाटेचीच, ४ वाजून २१ मिनिटांची. तिथे सुमारे दोनशे माणसे दगावली. कोयनेच्या डोंगरी मुलखात वस्ती विरळ होती. इकडे दाट वस्तीची गावे, आणि घरे दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचा जाड थर दिलेले माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना आरपार बांधून ठेवणारे दगड नव्हते, म्हणून हादऱ्याने ते थर एकमेकांपासून सुटले. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती माणसांवर आल्या. कुडाची, गवताने शाकारलेली झोपडी बरेचदा वाचली. गावात ज्याची ऐपत जास्त, त्याची भिंत जाड, असे दारुण गणित होते.

'तीव्रता ६.४ होती म्हणून गाव पडले' असे म्हटले की सगळा दोष जमिनीच्या पोटात जातो आणि भिंत सुटते. नकाशाही सुटतो. १९८४ च्या भारतीय मानकात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; पाचव्या अंशापलीकडे इंटेन्सिटी जाणार नाही, असे तिथे गृहीत होते. प्रत्यक्षात ती आठव्या अंशापर्यंत आणि काही जागी त्यापुढे गेली. २००२ मध्ये तो नकाशा सुधारून हा भाग तिसऱ्या पट्ट्यात टाकला. हे सगळे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, पण एका शब्दाने ते तिच्यापासून झाकून ठेवले.

मग मॅग्निट्यूडला म्हणायचे काय? कुळाने जवळचा शब्द 'महत्ता', पण 'भूकंपाची महत्ता' ऐकून वर्गात हशा पिकेल. ते आरतीतले वाटते. 'प्रत' म्हटले तर किराणा दुकानातल्या तांदळाची आठवण. सदिश राशी शिकवताना आपण मॅग्निट्यूडला 'परिमाण' म्हणतोच. तोच शब्द इथे वापरावा आणि 'तीव्रता' फक्त जागेजागेच्या हादऱ्याला ठेवावी, असे माझे मत आहे. 'परिमाण' थोडा कोरडा आहे खरा. चालेल.

सास्तूरच्या बाईंना मी एक उपक्रम सुचवला. बारा अंशांच्या खुणा मराठीत फळ्यावर लिहाव्यात. मुलांनी घरच्या आणि पाहुण्यांकडच्या वडीलधाऱ्यांना विचारावे: त्या रात्री तुम्ही कुठल्या गावी होता, काय हलले, काय पडले? उत्तरावरून गावाचा अंश ठरवून नकाशावर मांडावा. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "करू या. पण आजीला विचारायच्या आधी तिला सांगायची तयारी आहे का, हे विचारा, असं मी मुलांना सांगेन. माझी आई अजून त्यावर बोलत नाही."