‘सम असेल’ आणि ‘सम असेलच’

गणिताच्या प्रश्नाचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हे काहींना अनधिकाराचे वाटेल. परंतु परीक्षेतील प्रश्न आधी वाक्य असतो, मग गणित. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात सम-विषम संख्यांविषयी जी वाक्यरचना रूढ आहे, तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

नमुन्यादाखल एक प्रश्न घेऊ : ‘क्ष ही विषम संख्या असल्यास पुढीलपैकी कोणती संख्या सम असेल?’ पर्याय असे : (१) क्ष + २, (२) (क्ष + १) ÷ २, (३) क्ष² + १, (४) २क्ष − १. शिक्रापूर येथील एका विद्यार्थ्यापुढे मी हा प्रश्न ठेवला. त्याने क्ष = ३ धरले; उत्तरे ५, २, १०, ५ आली. त्याने दुसरा व तिसरा असे दोन्ही पर्याय निवडले. क्ष = ५ धरले असते, तर ७, ३, २६, ९ येऊन दुसरा पर्याय गळाला असता.

ही चूक केवळ गणिताची आहे काय? मराठीतील ‘असेल’ हे रूप दुहेरी आहे. ‘उद्या सोमवार असेल’ ह्यात निश्चय आहे. ‘तो आता घरी असेल’ ह्यात केवळ संभव. प्रश्नकर्त्यास पहिला अर्थ अभिप्रेत होता, मुलाने दुसरा घेतला. आणि मातृभाषेने त्यास तो घेऊ दिला. संभवाच्या अर्थी त्याचे उत्तर बिनचूक आहे. २०१७ साली ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीसाठी घेतली जाऊ लागली, तेव्हा आठवीच्या काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय ठेवण्याची तरतूद आली. अशा पद्धतीत दोन सम उत्तरे पाहून विद्यार्थ्यास शंका येण्याचेही कारण उरत नाही.

तथापि सारा दोष वाक्यावर टाकणे न्याय्य नव्हे. ‘एखादी संख्या घालून पाहा’ हा जो उपदेश सर्रास केला जातो, तो अर्धाच खरा आहे. एका उदाहरणाने विधान खोटे ठरते, खरे ठरत नाही. क्ष = २म + १ लिहिले, की क्ष² + १ = २(२म² + २म + १) होते; येथे २ हा अवयव उघड आहे. उलट दुसऱ्या पर्यायाची किंमत म + १ येते, आणि तिचे सम-विषमत्व म वर अवलंबून राहते. हे दोन ओळींचे काम आहे.

आमच्या ‘एकी-बेकी’च्या खेळात हीच दृष्टी आहे. मुठीतील चिंचोके दोन-दोन करून मांडावयाचे. एक उरला तर एकी, न उरला तर बेकी. ‘बेकी’ शब्दात ‘बे’ आहे, म्हणजे व्याख्याच आहे. ‘सम’ ह्या संस्कृत शब्दात ती ऐकू येत नाही. शून्य सम की विषम, ह्या नेहमीच्या गोंधळाचा उलगडाही येथेच होतो : रिकाम्या मुठीत सुटा चिंचोका उरत नाही.

शिकवणीस जाणारे मूल प्रश्नपत्रिकेचे संकेत पाठ करते. इतरांस केवळ मराठीचा आधार असतो. म्हणून प्रश्नकर्त्याने ‘असेलच’ किंवा ‘प्रत्येक वेळी सम असेल’ असे लिहावे. एका ‘च’ने परीक्षा सोपी होणार नाही; ती गणिताची मात्र होईल.