‘झोंबी’तील बाप

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत एका परिचितांकडे जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. पाळी सुटली होती, आणि हातांत जेवणाचे डबे घेतलेले तरुण कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडत होते. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे असावेत. त्यांना पाहून याच कागलच्या एका मुलाची आम्हांस आठवण झाली. शाळेंत जावयास मिळावें एवढ्यासाठीं त्याला प्रत्यक्ष बापाशीं झुंजावें लागलें होतें.

आनंद यादव यांचा जन्म १९३५ सालीं कागल येथें झाला. २०१६ सालीं पुण्यांत ते निवर्तले. पुणें विद्यापीठांत त्यांनीं मराठीचें अध्यापन केलें. ‘गोतावळा’ (१९७१) व वगाच्या फडावरील ‘नटरंग’ या कादंबऱ्यांनीं त्यांचें नांव झालेंच होतें. परंतु १९८७ सालच्या ‘झोंबी’नें त्यांना घरोघर पोंचविलें, आणि १९९० चें साहित्य अकादमीचें पारितोषिकहि तिलाच लाभलें. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ व ‘काचवेल’ हे तिचे पुढील भाग होत.

‘झोंबी’ वाचून वाचक बापाला दोष देतो. अकरापर्यंत शेतांत राबावें, शाळा सुटल्यावर गुरें चारावीं, काम अधिक असल्यास शाळा बुडवावी, या अटींवर मुलाला शिक्षण मिळतें. पण या अटी बाप आपखुषीनें देत नाहीं. मायलेकरें दत्ताजीरावांकडे गाऱ्हाणें नेतात, आणि त्या वजनदार माणसापुढें बापाला मान खालीं घालावी लागते. मुलाचा विजय झाला. पण घरच्या कर्त्या पुरुषाची ही मानहानि त्याच्या अंतःकरणांत कशी उतरली असेल, याचा शोध लेखकानें घेतलेला नाहीं. आमच्या मतें ‘झोंबी’चें हें उणें सामान्य नव्हे.

‘नटरंग’मध्यें हेंच लेखक किती निराळे दिसतात! गुणाला राजा व्हावयाचें असतें आणि नशिबीं नाच्याचें सोंग येतें. त्याची कलेची ओढ खरी, आणि त्यापायीं घराची होणारी धूळधाणहि खरी. लेखक कोणा एकाची वकिली करीत नाहीं. परक्याच्या काळजांत शिरणें त्यांना साधलें, जन्मदात्याच्या काळजांत शिरणें मात्र साधलें नाहीं.

तथापि ‘झोंबी’ची थोरवी याहून मोठी आहे. सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, हावभाव करून शिकवितात. आणि शेताला पाणी पाजतांना तो मुलगा एकटाच त्या कविता तशाच अभिनयानें म्हणतो. आम्हांस वाटतें, गुणाचा जन्म त्या पाटाच्या कांठींच झाला असावा. त्या चार पानांसाठीं हा ग्रंथ प्रत्येक शिक्षकानें वाचावा.

आमच्या वाचकांनीं ‘झोंबी’ मुलांच्या हातीं अवश्य द्यावी. मात्र मुलांनीं ती वाचून ठेवल्यावर बापाच्या बाजूनें दोन शब्द बोलावे. त्या बापानें आपली कहाणी लिहून ठेवलेली नाहीं.